ज्याच्या हाती लाटणं

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी केलेल्या आमच्या अहवालात माझा एक फोटो आहे. माझ्या उजव्या हातात उगारलेलं शिसवी लाटणं, डाव्या हातात पितळी घंटी, तोंड उघडं, आणि कपाळावरची शीर फोटोतही बोट ठेवून दाखवता येईल इतकी फुगलेली. समोर सतरंजीवर साठेक मुलं-मुली हात मांडीवर ठेवून शांत बसली आहेत. मागे फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत 'सुसंवाद सप्ताह'. फोटो जिओटॅग केलेला असल्यामुळे खालच्या पट्टीत अक्षांश आहे, रेखांश आहे, तारीख आहे आणि वेळही आहे: दुपारी १२ वाजून ४७ मिनिटं. 'तो मी नव्हेच' म्हणायची सोय नाही.

सगळा दोष माझा आहे हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे जागा मिळेल तिथे तो इतरांवर ढकलायला मी मोकळा.

झालं असं की कुणाच्या तरी स्टेटसवरून कँटीनमध्ये दोन गटांची जुंपली. फार काही नाही, पाण्याचा एक जग चेपला आणि एका प्लेट पोह्यांना जमीन बघावी लागली. पण विद्यार्थ्यांमध्ये सभ्यपणे मतभेद व्यक्त करण्याची संस्कृती कशी रुजवावी, यावर विचार करायला प्राचार्यांनी शिक्षकांची बैठक बोलावली. त्या बैठकीत जो आरडाओरडा झाला तो ऐकून कँटीनमधली पोरं धावत येऊन खिडकीला लटकली. आमच्यातले दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

शेवटी प्राचार्यांनी टेबलावर पेपरवेट आपटला. "नॅकच्या सातव्या निकषात दोन बेस्ट प्रॅक्टिसेस दाखवायच्या आहेत. वृक्षारोपण आहेच. दुसरी ही करून टाकू. सर, तुम्ही घ्या."

'सर' म्हणजे मी. माझ्यावर ही जबाबदारी येण्याला दोन कारणं होती. एक, मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे लोकशाहीचं जे काही बिनसेल ते माझ्या खात्यात पडतं. दुसरं, कॉलेजात असताना मी वादविवादपटू होतो, हे मी स्वतःच स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितलं होतं की आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

वादविवादपटू मी खरोखरच होतो. 'विज्ञान: शाप की वरदान' या विषयावर साताऱ्यात शाप म्हणून आणि पंधराच दिवसांनी कोल्हापुरात वरदान म्हणून बोललो, आणि दोन्हीकडे पहिला आलो. प्रतिस्पर्धी बोलत असताना मी मान डोलवत असे, ती परीक्षकांना दिसावी म्हणून. आत माझ्या टाळीच्या वाक्याची उजळणी चाललेली असे. समोरच्याने काय मुद्दे मांडले हे त्या चार वर्षांत मला एकदाही कळलं नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. जिंकलेले करंडक बहुतेक फिरते होते, ते वर्षभराने परत गेले. दोन कायमचे मिळाले, ते घरी आहेत. एकात ही दुधाची सुट्टी नाणी ठेवते आणि दुसऱ्यात सुया-रिळं.

तर अशा अधिकारी पुरुषाने तयारीला लागायचं म्हणून ग्रंथालय गाठलं. तिथे मला हेन्री मार्टिन रॉबर्ट भेटला. हा अमेरिकी लष्करातला इंजिनिअर. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी चर्चच्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्याच्या गळ्यात पडलं आणि सभा पार हाताबाहेर गेली. त्या शरमेने त्याने सभा चालवण्याचे नियम गोळा करायला घेतले आणि १८७६ साली त्यांचं पुस्तक छापलं. सुधारून वाढवलेल्या आवृत्त्यांत ते आजही चालतं. मला हा गृहस्थ फार जवळचा वाटला. फरक इतकाच की त्याने आधी फजिती करून घेतली आणि मग नियम लिहिले. मी आधी नियम लिहिले.

मग आपल्याकडचं काहीतरी हवं म्हणून न्यायदर्शन उघडलं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून करतात तो वाद. काहीही करून जिंकायचं म्हणून करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसती समोरच्याची मोडत बसायचं, ती वितंडा. हे वाचून घरी आलो तर करंडकातल्या नाण्यांचा आवाज मला वेगळाच ऐकू यायला लागला. आयुष्यभर ज्याला वादविवाद समजत होतो तो जल्प होता, आणि अंतिम फेरीत तर चक्क वितंडा.

याच शास्त्रात शब्दच्छलाचं एक झकास उदाहरण आहे. 'नवकंबल' म्हणजे नवी कांबळ पांघरलेला. कुणी एका मुलाला नवकंबल म्हटलं की छलवादी विचारतो, "नव म्हणजे नऊ ना? याच्या अंगावर तर एकच दिसते, बाकीच्या आठ कुठायत?" उदाहरणातला हा मुलगा 'माणवक' आहे, म्हणजे गुरूकडे शिकणारा पोरगा. शतकानुशतकं गरीब विद्यार्थीच शब्दांत सापडतोय, असं म्हणून मी तेव्हा हसलो होतो. पुढे कोण सापडणार होतं याची कल्पना नव्हती.

या सगळ्या मंथनातून मी पाच नियम काढले. आवाज चढवायचा नाही. माणसावर नाही, मुद्द्यावर बोलायचं. तीन मिनिटांत आटपायचं. चौथा नियम माझा लाडका: उत्तर देण्याआधी समोरच्याचा पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो त्याने "हो, असंच म्हणायचं होतं" असं कबूल करेपर्यंत मांडत राहायचा. जुने शास्त्री समोरच्याचा पक्ष आधी नीट उभा करत आणि मगच खोडायला घेत, त्यातून सुचलेला. पाचवा, शेवटी धन्यवाद म्हणायचं. फ्लेक्सवाल्याकडे हे नियम पाठवले. तो फ्लेक्स आला तेव्हा वरच्या पाऊण भागात संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य नमस्कार करत उभे होते, आणि नियम खालच्या कडेला औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात तेवढ्या टायपात. ते वाचायचे तर फ्लेक्सला नाक लावावं लागलं असतं. फक्त एक मुलगी त्याच्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. तिने वाचले, बाकीच्यांना मला ते तोंडी सांगावे लागले.

उरला प्रश्न काठीचा. उत्तर अमेरिकेतल्या काही आदिवासी समाजांत काठी ज्याच्या हातात असेल तोच बोलतो, बाकीचे ऐकतात, अशी रीत आहे. मला ती फार आवडली. एनसीसीच्या खोलीतला दंडा आणायला शिपाईमामांना पाठवलं. ते रिकाम्या हाताने परत आले. खोलीची किल्ली एनसीसीच्या सरांकडे आणि सर कॅम्पला. तेव्हा मला आठवलं, सकाळी मंडईतून हिच्यासाठी घेतलेलं लाटणं पिशवीतच आहे. शिसवी, वजनदार, हातात धरलं की माणसाला आपोआप काहीतरी ठामपणे सांगावंसं वाटतं असं. मी ते काढून उंच धरलं आणि म्हटलं, "आजपासून हीच आपली संसद." टाळ्या पडल्या. तिथेच मला सावध व्हायला हवं होतं. टाळ्यांनी माझं आजवर कधीही भलं झालेलं नाही.

सप्ताहाचं उद्घाटन झालं. आधी सगळ्यांना चपला-बूट बाहेर काढायला लावले आणि त्याचं ऐतिहासिक कारण सांगितलं. १९०७च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेसचं अधिवेशन भरलं असताना मांडवातून एक दख्खनी जोडा उडाला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांना लागून गेला. राष्ट्रीय चर्चेत इतक्या नेमकेपणाने पडलेली मराठी भर दुसरी नाही. मग टिळक-आगरकर सांगितले. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकत्र काढलेले एकशे एक दिवस, पुढे झालेली फाटाफूट, आणि आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढणारं पुणं. तपशिलात शिरलो की मला भान राहत नाही. खाली बसून घड्याळ पाहिलं तेव्हा कळलं की ऐकून घेण्याचं महत्त्व या विषयावर मी बेचाळीस मिनिटं बोललो होतो.

विषय निवडताना मी खबरदारी घेतली. राजकारण नको, धर्म नको, जात नको, आरक्षण नको, सिनेमा नको (त्यात वरचं सगळं येतं), क्रिकेटही नको. एवढं वगळल्यावर जगात जे उरलं ते घेतलं: 'पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असावी की नसावी?' हा विषय इतका निरुपद्रवी होता की मलाच जांभई आली.

सुरुवातीला एक चुणचुणीत पोरगा उठला. लाटणं हातात घेऊन त्याने विचारलं, "सर, आवाज चढवायचा नाही म्हणजे अन्यायाविरुद्धही नाही?" साक्षात नवकंबल! मी प्रसन्न झालो आणि त्याला छलाचे तीन प्रकार समजावले. त्यात आणखी सहा मिनिटं गेली.

मग जे झालं ते, खरं सांगायचं तर, फार सुंदर झालं असावं. 'असावं' म्हणतो, कारण मी तेव्हा फोटोग्राफर कुठे गेला ते शोधत होतो. पण कानावर पडलं ते असं. वाडीवरून येणारा एक मुलगा म्हणाला की त्याची एसटी दहा वाजून पाच मिनिटांनी स्टँडवर लागते आणि पहिला तास दहाला सुरू होतो. म्हणजे त्याची गैरहजेरी महामंडळ ठरवतं, तो नाही. अट काढून टाका. टाळ्या. लाटणं एका सडपातळ मुलीकडे गेलं. तिने आधी त्याचं म्हणणं नीट मांडून दाखवलं, त्याने "हो, असंच" म्हटलं, आणि मग ती म्हणाली, "माझ्या घरी हजेरीच्या अटीमुळेच मला रोज सोडतात. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, असं सांगून मी येते. अट गेली तर म्हणतील, मग घरीच बस, परीक्षेला जा." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या एसटीवाल्याने लाटणं परत मागून घेतलं. थोडा वेळ ते नुसतं तळहातावर फिरवत राहिला आणि म्हणाला, "मग अट राहू दे. पहिला तास तेवढा साडेदहाला घ्या."

मी चार वर्षं महाराष्ट्रभर स्पर्धा केल्या. एका तरी स्पर्धकाने समोरच्याचं ऐकून बाजू बदलल्याचं मला आठवत नाही. परीक्षकांनी त्याचे गुणच कापले असते. इथे ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी खिडकीतून ओरडत होतो, "अरे त्या फोटोवाल्याला चहा नंतर द्या!"

फोटोवाला आला, आणि नेमकी त्याच वेळी फ्लेक्सजवळची मुलगी उठली.

"सर, पंचाहत्तर टक्क्यांबद्दलच बोलते. माझी मावशी २००८ साली इथूनच बी.ए. झाली. तिची राज्यशास्त्राची वही माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी मी तुमचे तास आणि ती वही पडताळून पाहिली. शब्दसुद्धा बदललेला नाही. तिच्या वहीत हॉब्ज १६ ऑगस्टला आहे, आम्हालाही तो १६ ऑगस्टलाच झाला. विनोदही त्याच जागी आहे. मावशीने कंसात लिहून ठेवलंय: वसतिगृह, हशा."

इथे त्या विनोदाबद्दल दोन शब्द. टॉमस हॉब्जने १६५१ साली 'लेव्हायथन' लिहिला. त्याचं म्हणणं असं की वर कुणी सत्ताधीश नसेल तर प्रत्येक जण प्रत्येकाशी भांडत सुटेल. कुणाचं काहीच सुरक्षित राहणार नाही, सगळीकडे नुसती भीती. इथे मी थांबतो, चष्मा काढतो आणि म्हणतो, "म्हणजे आपलं वसतिगृह." हा विनोद मी सव्वीस वर्षं करतोय. तो उत्तम आहे, असं माझं अजूनही मत आहे.

ती मुलगी अगदी हळू बोलत होती. माणसावर नाही, मुद्द्यावर. तीन मिनिटांच्या आत. नियम पाळूनच बोलत होती. माझ्या मात्र कानशिलांत काहीतरी उकळायला लागलं.

"किती वर्षं शिकवलंयस तू?" हा पहिला प्रश्न मी विचारला असं सांगतात. नंतरचं मला आठवतं. "सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं या फळ्यासमोर उभा आहे मी!" सभागृहात फळा नव्हता. अध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य फ्लेक्सवरून मला नमस्कार करत होते. तेवढ्यात वेळ मोजणाऱ्या मुलाने घंटी वाजवली. माझी तीन मिनिटं संपली होती. मी ती घंटी त्याच्या हातातून काढून घेतली. मुलीच्या हातातलं लाटणं केव्हा घेतलं ते मात्र आठवत नाही. ते फोटो बघून कळलं. "आणि तुझ्या मावशीला एवढं कळत होतं तर मार्क किती पडले होते तिला?"

"पहिली आली होती सर. तुमच्याच विषयात."

न्यायसूत्रांत वादात हरण्याची बावीस ठिकाणं सांगितली आहेत, निग्रहस्थानं. एका दिवसात अष्टविनायक उरकणाऱ्या बससारखा मी त्या सगळ्यांना तेवढ्या वेळात हात लावून आलो. मूळ मुद्दा सोडला, भलताच धरला, तोच पुन्हा म्हटला, अर्थ नसलेलं बोललो. नेमक्या याच वेळी फोटोग्राफरने आपलं काम केलं. नंतर निवांत बघताना माझ्या लक्षात आलं की 'लेव्हायथन'च्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठचित्रात एक राक्षसी राजा आहे. त्याच्या एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात धर्मदंड. लाटणं आणि घंटी धरून मी हुबेहूब तसाच दिसत होतो, फक्त त्याच्या डोक्यावर मुकुट आहे आणि माझ्या डोक्यावर तेवढं झाकणारं काही नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर निभावलं असतं. नवकंबलवाला पोरगा बसल्या जागेवरून म्हणाला, "सर, लाटणं तुमच्याकडे आहे, बोला तुम्ही. पण चौथा नियम. आधी तिचं म्हणणं सांगा."

मी घसा खाकरला. "तिचं म्हणणं असं आहे, की मी आळशी आहे."

"नाही सर," मुलगी म्हणाली. "असं मी म्हटलं नाही."

"बरं. तुझं म्हणणं, माझे तास कुचकामी आहेत."

"नाही सर. मावशी त्याच तासांवर पहिली आली."

साठ पोरं वाट बघत होती. माझ्यासारख्या बोलक्या माणसाला समोरच्याचं एक वाक्य त्याला पसंत पडेल असं म्हणता येऊ नये, याचं त्यांना नवल वाटत असावं. मला शाप आणि वरदान दोन्ही येत होतं, हे येत नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओढणीचं टोक तिने बोटाला गुंडाळून गुंडाळून पार वळकटी केली होती. म्हणजे घाबरली होती. हे मला इतका वेळ दिसलंच नव्हतं.

"तुझं म्हणणं," मी सावकाश म्हटलं, "वर्गात जे होणार ते आधीच वहीत असेल, तर वर्गात येण्याचं कारण फक्त अट एवढंच उरतं. वहीत नसलेलं काही तिथे होणार असेल, तर अट नसली तरी मुलं येतील."

"हो सर. असंच म्हणायचं होतं." मग तिला पाचवा नियम आठवला. "धन्यवाद, सर."

आता उत्तर द्यायची पाळी माझी होती. लाटणं माझ्याच हातात होतं. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला काहीच सुचेना. सुदैवाने घंटीही माझ्याच हातात होती. मी ती वाजवली.

नॅकची समिती आली तेव्हा त्यांतल्या एका बाईंनी फोटोवर बोट ठेवून हिंदीत विचारलं, हे सर काय करतायत? प्राचार्य जराही अडखळले नाहीत. "संवादकौशल्याचं प्रात्यक्षिक. पारंपरिक साधनांच्या माध्यमातून. भारतीय ज्ञानपरंपरा." बाईंनी लिहून घेतलं. फोटोखाली ओळही तीच छापली आहे.

लाटणं घरी नेता आलं नाही. उपक्रमाचं साहित्य म्हणून मामांनी ते डेडस्टॉक रजिस्टरला चढवलं होतं, आणि तिथे एकदा चढलेली वस्तू निर्लेखन समितीशिवाय खाली येत नाही. "अहो, लाटण्याचं काय झालं?" असं हिने रोज विचारायला सुरुवात केली तेव्हा मी दुसरं आणलं. तेही शिसवी. पण ते हातात घ्यायची वेळ आली की मी दुसऱ्या खोलीत जातो.

पहिला तास साडेदहाला घेण्याबद्दल मी अर्ज केला. तो वेळापत्रक समितीकडे आहे. समितीची बैठक झाली, खूप आरडाओरडा झाला असं ऐकतो.

आणि १६ ऑगस्ट उजाडला. दुसऱ्या वर्षाचा वर्ग. पिवळी पडलेली टाचणवही मी मुद्दाम स्टाफरूमच्या कप्प्यात ठेवून गेलो. मावशीच्या वहीच्या झेरॉक्स गेटसमोरच्या दुकानात तीस रुपयांना मिळतात, हे तोवर मला कळलं होतं. वर्ग भरलेला होता. मी हॉब्ज सुरू केला. राजा नाही, कायदा नाही, प्रत्येक जण प्रत्येकाशी भांडतोय, भीती आहे. हात सवयीने चष्म्याकडे गेला होता, तो खाली घेतला. वसतिगृह ओठांवर आलं होतं, ते गिळलं, आणि मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मनापासून हसला. त्याचं बोट झेरॉक्सवर होतं.